कै. ताराबाई मोडक आणि खेळाचें अंगण

मलकापूर स्टेशनावर उतरून बुलढाण्याकडे निघालें म्हणजे राजूरचा घाट लागण्यापूर्वीं मोताळा हें तालुक्याचें गांव लागतें. ह्या तालुक्यांतील खेड्यांत आमचें जाणें-येणें नेहमींचेंच आहे. कापूसवेचणीच्या दिवसांत सकाळीं नऊच्या सुमारास कोणत्याही खेड्यांत शिरावें, तर मोठीं माणसें शेतांत गेलेलीं, दारांना कड्या, आणि गांवांत जाग असली तर ती एकट्या अंगणवाडीची. गेल्या हंगामांत अशाच एका अंगणवाडीच्या दाराशीं आम्ही कांहीं वेळ उभे राहिलों. आंत पंधरावीस मुलें हातांत हात गुंफून गोल फिरत होतीं. आमच्या मंडळींतील दोन मुलें त्यांत होतीं, पाटलांच्या घरचें एक होतें, बाकीचीं निरनिराळ्या वस्त्यांतलीं. कोणाचा हात कोणाच्या हातांत आहे हें पाहून आमच्या सोबतचे एक वृद्ध उपदेशक बराच वेळ कांहीं बोललेच नाहींत. लहानपणीं त्यांस शाळेंत इतर मुलांपासून वेगळें, ओट्याखालीं बसावें लागत असे.

अंगणवाडी हें नांव कोणी ठेवलें असें आम्हीं तेथें विचारलें. सरकारनें, असें उत्तर मिळालें. हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. पण सरकारकडे तें नांव जेथून आलें ती जागा व ती बाई आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसावी असें वाटतें. म्हणून हें चरित्र थोडक्यांत देत आहों.

ताराबाईंचा जन्म मुंबईस ता. १९ एप्रिल १८९२ रोजीं झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाच्या पुढाऱ्यांपैकीं एक होते. जातिभेद व मूर्तिपूजा सोडून एका देवाची भक्ति करावी असें म्हणणारा हा समाज मुंबईंत १८६७ सालीं स्थापन झाला होता, व त्याच्या वातावरणांत ताराबाईंचें बाळपण गेलें. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि पुढेंही झाल्या नाहींत. हें आरंभींच सांगितलेलें बरें. कारण आमच्या पत्रांत कोणाचें चरित्र आलें म्हणजे वाचक शेवटपर्यंत तेवढ्याच गोष्टीची वाट पाहत राहतात. १९१४ सालीं त्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. त्या काळीं मुलीनें पदवी मिळविणें ही चारचौघांनीं वळून पाहण्यासारखी गोष्ट होती. पुढें अमरावतीचे वकील मोडक ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि मुंबईची ही मुलगी आमच्या वऱ्हाडची सून झाली.

हा संसार मात्र टिकला नाहीं. त्याचीं कारणें उकरून काढण्यांत कोणाचेंच हित नाहीं. एवढें खरें कीं पदरीं लहान मुलगी घेऊन ताराबाईंनीं वऱ्हाड सोडलें, आणि काठेवाडांत राजकोट येथें बार्टन ह्या स्त्रीशिक्षणसंस्थेच्या मुख्य म्हणून जागा पत्करली. पगार चांगला, मान चांगला. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला त्या दिवसांत ह्याहून सुरक्षित आसरा मिळाला नसता. तोही त्यांनीं दोन वर्षांच्या आंतबाहेर सोडला.

त्याचें कारण गिजुभाई बधेका. हे गृहस्थ आधीं वकील होते. स्वतःस मुलगा झाला तेव्हां त्याला शिकवावें कसें ह्या विचारांत ते पडले, व त्या विचारानें त्यांची वकिली सुटली. रोम शहराच्या एका दरिद्री वस्तींत मारिया माँटेसरी नांवाच्या डॉक्टरीण बाईंनीं १९०७ सालीं लहान मुलांसाठीं एक घर काढलें होतें. तेथें मुलें मारावांचून व धाकावांचून, हातांनीं वस्तू हाताळून शिकत. तिची पद्धति गिजुभाईंनीं वाचली, आणि १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर उघडलें. ताराबाई १९२३ सालीं तेथें जाऊन मिळाल्या. त्यांच्या संगतींत गिजुभाईंस केवळ हाताखालची शिक्षिका लाभली असें नव्हे, बरोबरीनें वाद घालणारी सहकारी लाभली. दोघांनीं मिळून १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि आईबापांस व शिक्षकांस हा नवा विचार कळावा म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ चालविली.

बालमंदिरांत छडी नव्हती. हें लोकांस नवें वाटे, तरी समजे. परंतु तेथें बक्षीसही नव्हतें, आणि हें कांहीं केल्या समजत नसे. पहिला नंबर नाहीं, दुसरा नंबर नाहीं, मुलाला मुलाशीं लढत लावणें नाहीं. त्या मंडळींचें म्हणणें असें कीं, जें मूल बक्षिसासाठीं काम करतें तें बक्षीस बंद होतांच काम टाकून देतें. शिवाय एकाच्या हातीं पेला दिला म्हणजे उरलेल्या एकोणीस मुलांस आपण कमी असल्याची शिकवण आपण त्याच घटकेस देतों, आणि त्यांतलें जें आधींच गांवाच्या नजरेंत कमी, त्याला तर ती शिकवण दुप्पट लागते.

ह्या बाबतींत आमच्याच अनुभवांतली एक गोष्ट सांगतों. एका खेड्यांत (गांवाचें नांव सांगत नाहीं) नाताळाच्या आठवड्यांत आम्हीं मुलांच्या शर्यती लाविल्या. चमच्यांत लिंबू ठेवून, चमचा दांतांत धरून धावावयाचें. पहिल्यास स्टीलचा डबा. मंडळींतील दोन मुलें सर्वांच्या पुढें होतीं. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायांत अडकला, तें पडलें, लिंबू गडगडत गेलें. मुद्दाम पाय घातला, नाहीं घातला, असा तंटा सुरू झाला. मुलें दुसऱ्या दिवशीं विसरलीं. आया विसरल्या नाहींत. त्या दोन घरच्या बाया पुढें शिमग्यापर्यंत हापशीवर एका वेळीं पाणी भरावयास आल्या नाहींत. मंडळीनें एकत्र यावें ह्या हेतूनें आम्हीं तो कार्यक्रम ठेवला होता, आणि डब्याचा खर्चही आमचाच. त्या वेळीं ताराबाईंचें लिखाण आमच्या वाचनांत आलें नव्हतें.

भावनगरचें काम जमल्यावर ताराबाई मुंबईस परतल्या, व १९३६ सालीं दादर येथें त्यांनीं शिशुविहार सुरू केला. तो नांवारूपास आला. परंतु शहरांतील सुखवस्तु घरचीं मुलें रंगीत ठोकळ्यांशीं खेळत असतांना खेड्यांतील मजुराचें पोर बांधावर कसें वाढतें हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. मूलोद्योग शिक्षणाच्या विचारांत गांधींनीं सात वर्षांखालील मुलांचाही समावेश करावयाचें ठरविलें, तेव्हां ह्या कामीं ताराबाईंचा सल्ला घेण्यांत आला. असें काम खेड्यांत करून दाखविल्याखेरीज त्याविषयीं बोलूं नये असें ताराबाईंच्या मनानें घेतलें. डिसेंबर १९४५ मध्यें, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत (२०१४ पासून पालघर जिल्ह्यांत) समुद्रकांठीं असलेल्या बोर्डी गांवीं गेल्या, आणि तेथें ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. ज्या वयांत आमच्याकडील शिक्षक पेन्शनीचे कागद तयार करूं लागतात त्या वयांत त्यांनीं पुनः पहिल्यापासून आरंभ केला. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ गेल्या. अनुताई ह्या बालविधवा. थोडे दिवस म्हणून गेलेल्या ह्या बाईंनीं पुढें सारा जन्म तेथेंच घातला.

बालवाडी उघडली, साहित्य मांडलें, दार उघडें ठेवलें. मुलें आलीं, पण ज्यांच्यासाठीं एवढा खटाटोप तीं आलीं नाहींत. ज्यांस त्या काळीं अस्पृश्य मानीत त्यांच्या वाड्यांतून कोणी येईना. कारणें शोधावयास फार दूर जावें लागलें नाहीं. आया पहाटेस कामाला जात. पोराला धुवून-पुसून, अंगावर धड कपडा घालून, गांवांतून चालवीत आणून पोंचविणार कोण? आणि गांवांतून चालत येणें हीच तर अडचण. त्या रस्त्यावर कोणत्या ओट्याजवळून जावें, कोणाच्या अंगावर सांवली पडूं देऊं नये, हें चार वर्षांच्या पोराला कळत नाहीं. त्याच्या आईला मात्र कळतें, आणि म्हणून ती त्याला घरींच ठेवते. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या आज्यांनीं हेंच केलें असेल.

अशा वेळीं बहुतेक सुधारक काय करतात? व्याख्यान देतात. वाड्यांतल्या लोकांस त्यांच्या अज्ञानाबद्दल बोल लावतात, किंवा गांवकऱ्यांस त्यांच्या कठोरपणाबद्दल. आणि मुलें तेथल्या तेथें राहतात. ताराबाईंनीं साहित्य उचललें, शिक्षिका बरोबर घेतल्या, आणि बालवाडीच त्या वाड्यांत नेली. शाळेची इमारत नव्हती, खोली नव्हती. कोणाच्या तरी घरापुढचें सारवलेलें अंगण होतें. तेथें आधीं मुलांचे हातपाय धुतले जात, नखें काढलीं जात, केंस विंचरले जात, आणि मग गाणीं, गोष्टी व खेळ होत. अंगणांत भरते म्हणून तिचें नांव अंगणवाडी. गांवांत कुरकुर झाली. अस्पृश्यांच्या दारांत बसून त्यांच्या पोरांचे केंस विंचरणाऱ्या बाया गांवांतल्या मुलांसही हात लावणार, हें पुष्कळांस रुचलें नाहीं. परंतु काम थांबलें नाहीं.

ह्यांतील लहानशी वाटणारी एक गोष्ट फार मोठी आहे असें आमचें मत आहे. बोलावणारा आपल्या दारांत उभा राहून बोलावतो, तेव्हां येणाऱ्यास पाहुण्यासारखें, कधीं कधीं याचकासारखें यावें लागतें. दुसऱ्याच्या अंगणांत जाऊन खेळ मांडणारा स्वतःच पाहुणा होतो, आणि घरचें पोर यजमान. वाड्यांतल्या पोराच्या आयुष्यांत अशी जागा बहुधा पहिल्यानेंच आली असेल.

खेळ कोणते? माँटेसरी बाईंचें साहित्य फार मोलाचें, सुतारानें तोलून-मापून केलेलें. खेड्यास तें परवडणारें नव्हे. ताराबाईंनीं तें बोर्डीच्या मातींत मिळेल त्यांतून बनविलें. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानें, काड्या, माती, गोटे. मोठ्यापासून लहानापर्यंत गोटे ओळीनें लावावे, बियांची रांगोळी काढावी, पानांचे रंग जुळवावे. त्या मोताळ्याकडे आल्या असत्या तर त्यांनीं पऱ्हाटीच्या काड्या, ज्वारीचे धांडे आणि नळगंगेच्या पात्रांतले गोटे घेतले असते, ह्याबद्दल आम्हांस शंका नाहीं. ह्या साहित्यांत आणखी एक गुण होता, कीं तें कोणाच्या मालकीचें नव्हतें. विकतचें खेळणें हें श्रीमंताच्या पोराचें असतें, व इतरांनीं तें लांबून पाहावयाचें असतें, चिंचोका सर्वांचा.

मग सामुदायिक खेळ. जमिनीवर खडूनें लांब वाटोळी रेघ आंखावयाची, आणि तिच्यावरून एकामागून एक चालावयाचें. पुढचें मूल थांबलें तर मागच्यानें थांबावें, पुढचें हळू चाललें तर आपणही हळू व्हावें. ह्यांत जो धावत सुटेल तो जिंकत नाहीं. त्याच्यामुळें सगळी रांग मोडते. हातवारे करून म्हणावयाचीं गाणीं, गोल धरून फिरणें, आगगाडी करून पुढच्याचे खांदे धरणें. बी पेरून सर्वांनीं पाळीपाळीनें पाणी घालणें, आणि खाऊ वाटणें. खाऊ वाटणें हा खेळ नव्हे असें कोणी म्हणेल. परंतु कोणी कोणाच्या हातचें घ्यावें ह्याबद्दल जेथें पिढ्यान्‌पिढ्या कायदे आहेत, तेथें चार वर्षांच्या पोरानें सर्वांपुढें वाटी ठेवीत जाणें ह्यापेक्षां मोठा खेळ आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आमच्या जुन्या खेळांतही हा गुण आहे, तो आम्हीं पाहिला नाहीं एवढेंच. फुगडी घ्या. दोघी एकमेकींचे हात घट्ट धरतात आणि अंग मागें झोंकून देतात. एकीनें हात सोडला तर दोघीही पडतात. तिच्यांत हारजीत नाहीं. विश्वास मात्र पुरेपूर लागतो. हुतुतू किंवा लगोरीविरुद्ध आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. मोठ्या मुलांनीं ते खेळ अवश्य खेळावे. पण गडी पाडतांना एक वाडा इकडे व दुसरा वाडा तिकडे असें करूं नये. गांवांत जी भिंत आहे तीच मैदानांत आंखली तर खेळ म्हणजे भांडणाची तालीम होतो.

एवढ्यानें बोर्डींतील जातिभेद नाहींसा झाला असें म्हणणें खोटें होईल. मूल दोनप्रहरीं घरीं जातें, आणि घर त्याला पुनः घरचें शिकवतें. सात-आठ वर्षांचें झालें म्हणजे कोणाच्या घरीं पाणी प्यावें व कोणाच्या नाहीं हें त्याला चांगलें समजूं लागतें. ताराबाईंची दृष्टि एवढीच होती कीं, जें मूल दोन-अडीच वर्षें दुसऱ्याच्या हातांत हात घालून खेळलें, त्याला पुढें तो हात विटाळाचा म्हणून सांगितला तर तें गोंधळेल, विचारील. आणि ज्यानें कधीं तो हात धरलाच नाहीं तें विचारणारही नाहीं.

१९५७ सालीं हें सर्व काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली आदिवासींची वस्ती. पोरें पुनः येईनात. ह्या वेळीं अडचण निराळी होती. सात वर्षांची बहीण शाळेंत यावयाची तर कडेवरच्या भावाला कोण सांभाळणार, आणि दहा वर्षांचा भाऊ शाळेंत यावयाचा तर गुरें कोण राखणार? ताराबाईंनीं तान्ह्यांसाठीं पाळणाघर, मधल्यांसाठीं बालवाडी व मोठ्यांसाठीं प्राथमिक शाळा अशीं तिन्हीं एकाच आवारांत ठेविलीं, व तिला विकासवाडी म्हटलें. बहीण वर्गांत बसली तरी मधूनच उठून भावाला पाहून येई. आणि गुराख्यांसाठीं, गुरें जेथें चरत तेथेंच शिक्षक जात, ती कुरणशाळा. अंगणापासून कुरणापर्यंत त्यांची रीत एकच होती. मूल कां येत नाहीं म्हणून त्याला दोष द्यावयाचा नाहीं; तें जेथें आहे तेथें जावयाचें.

भारत सरकारनें १९६२ सालीं त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. ता. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या वारल्या. अनुताईंनीं तें काम १९९२ सालीं स्वतःच्या मरणापर्यंत चालविलें. ताराबाईंच्या पश्चात् दोनच वर्षांनीं, ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना देशांतील ३३ ठिकाणीं सुरू केली, आणि तिच्या केंद्रांस बोर्डीचें तेंच नांव मिळालें. महाराष्ट्रांतील पहिल्या ठिकाणांत मेळघाटांतलें धारणी होतें. म्हणजे ज्या अमरावतीहून ताराबाई मूल कडेवर घेऊन एकट्या निघाल्या होत्या, त्याच जिल्ह्यांत त्यांची अंगणवाडी परत आली.

सरकारी अंगणवाडीस सहा कामें लावून दिलेलीं आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजाऱ्यास दवाखान्याकडे पाठविणें, आयांस आरोग्यशिक्षण आणि मुलांस शाळेपूर्वींचें शिक्षण. मोताळ्याकडील सेविका किती राबतात हें आम्हीं पाहिलें आहे. वजनें घ्यावीं, खिचडी शिजवून घ्यावी, मोबाइलांत माहिती भरावी, ह्यांतच त्यांचा दिवस जातो. कमी पडतो तो खेळ, कारण खेळाचा रकाना रिकामा राहिला तर कोणी जाब विचारीत नाहीं. आमच्या खेड्यांतील उपदेशकांस व तरुण भगिनींस दुपारीं तासभर सवड असते. सेविकाबाईंस विचारून, त्यांच्या परवानगीनें, तेवढा तास मुलांत घालवावयास हरकत नाहीं. मात्र तेथें केवळ खेळासाठीं जावें, दुसरा हेतु मनांत ठेवून जाऊं नये. आणि आपल्याच मंडळीचीं मुलें निवडून वेगळीं बसवूं नयेत.

आरंभास एक खेळ सांगतों. माँटेसरी बाईंनीं तो काढला, व गिजुभाईंच्या बालमंदिरांत तो नेहमीं होत असे. त्याला शांतीचा खेळ म्हणतात. खर्च कांहीं नाहीं. मुलांस दाटीनें बसवावें, आणि दार थोडें ओढून घेऊन उजेड कमी करावा. मग सर्वांनीं हात, पाय, जीभ इतकीं स्थिर ठेवावीं कीं बाहेरचा चिमणीचा आवाज, लांबच्या बैलगाडीची घुंगरें, पत्र्यावर पडलेलें पान, हीं ऐकूं यावीं. एकाही मुलानें चुळबूळ केली तर शांतता सर्वांचीच मोडते, आणि वीसच्या वीस मुलांनीं मनावर घेतलें तरच ती होते. म्हणून मोठ्या घरच्या पोरास धाकट्या घरच्या पोराची येथें खरी गरज लागते. नंतर शिकविणारानें मुलांच्या पाठीमागें दूर जाऊन उभें राहावें, आणि अगदीं कुजबुजत्या आवाजांत एकेकाचें नांव घ्यावें. ज्याचें नांव येईल त्यानें पाऊल न वाजवितां उठून मागें यावें. मुलें आपल्या नांवाची जीव मुठींत धरून वाट पाहतात. कोणाचें नांव आधीं घ्यावें ह्याचा नियम नाहीं; पण एकाचेंही राहूं देऊं नये, आणि शेवटचें मूल उठून येईपर्यंत आधीं आलेल्यांनीं बोलावयाचें नाहीं.